लोणावळ्यातला एक आठवडा: मान, श्वास आणि सातचं जेवण

आठवडाभर घर सोडून लोणावळ्याला योग आणि ध्यान करायला गेले होते हे कळल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, सासरी सगळीकडे तेच दोन प्रश्न, फरक पडला का आणि खर्च किती आला, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आधीच सांगते, वजन काही खास उतरलं नाही, चेहऱ्यावर तेजबिज पण आलं नाही. फरक मात्र पडला आणि तो टिकलाय पण थोडाफार. फक्त तो कशामुळे पडला हे मला जरा वेगळंच वाटतं, लोक जे सांगतात ना, मन शांत झालं, आतून काहीतरी जागं झालं, तसलं माझं काही झालं नाही.

मी डोंबिवलीची, काम अकाउंट्सचं. ज्यांच्या घरात कुणी हे काम करतं त्यांना माहीत असेल, जुलैपासून आमची धावपळ सुरू होते, ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटची तारीख, त्यात दर महिन्याला २० तारखेचं जीएसटी रिटर्न, आणि मुदतवाढ मिळाली की लोकांना वाटतं बरं झालं, पण प्रत्यक्षात तेवढीच दिवाळी पण खराब होते. या सगळ्यात मान धरलेली, डावा खांदा कानाला चिकटलेला, जेवण रात्री साडेदहाला, त्यामुळे ॲसिडिटी, आणि पहाटे तीनला टक्क जाग. जाग आली की क्लायंटचे आकडे. मग बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले गोळी देतोय पण लाईफस्टाईल बघा जरा. बघा म्हणजे काय बघा, ते कुणीच सांगत नाही.

सासूबाईंचं म्हणणं होतं, "अगं घरात सूर्यनमस्कार घाल की, त्याला लोणावळ्याला कशाला जायला हवं?" त्यांचं अगदीच चूक नाही, त्या स्वतः रोज घालतात, पंच्याहत्तरीत. पण घरी चटई टाकली की बेल वाजते, कुकर होतो, मुलगा विचारतो माझा चार्जर कुठाय. यजमानांनी मात्र सरळ सांगितलं, "जा तू, इथे आम्ही बघतो." डिसेंबरात कामं जरा हलकी होतात तेव्हा बुकिंग केलं, कल्याणहून सकाळची पुण्याची गाडी पकडली आणि कर्जतला घाटासाठी मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं तेवढ्या वेळात वडापाव खाऊन घेतला, पुढे आठवडाभर तिखट मिळणार नाही या हिशोबाने.

जागा म्हणजे कैवल्यधाम. नाव ऐकून होते पण ही संस्था १९२४ सालची आहे, म्हणजे शंभरी ओलांडलेली, हे तिकडे जाऊन कळलं. मोठी झाडं, जुन्या इमारती, आणि हायवे जवळ असूनही आत शांत. गेल्या गेल्या आसनं वगैरे काही नाही, आधी डॉक्टरांकडे. वय, गोळ्या, ऑपरेशनं, पाठ, मान, झोप, पोट साफ होतं का, सगळं विचारलं, बीपी मोजलं, आणि मग मला काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त सांगितलं. बीपी आहे म्हणून जोरजोरात कपालभाती नको, श्वास कोंडून धरायचा नाही, शीर्षासन-सर्वांगासनाच्या वाटेला जायचं नाही, वमन नको. मला हे फार आवडलं, कारण टीव्ही बघून घरोघरी लोक पोट आपटत कपालभाती करतात त्यांना असं कुणी विचारत नाही.

वमन म्हणजे काय ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सकाळी उपाशीपोटी कोमट मिठाचं पाणी घटाघट प्यायचं, अगदी गळ्यापर्यंत, आणि मग वाकून ते सगळं उलटून टाकायचं. मला बंदी असल्यामुळे मी बाजूला उभी राहून फक्त बघत होते आणि ऐकत होते. त्या आवाजांचं वर्णन करत नाही. जलनेती मात्र मला करायला लावली. पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला साधारण पाऊण चमचा मीठ, नेतीपात्राची चोच एका नाकपुडीत, मान तिरकी, तोंड उघडं आणि श्वास तोंडाने. पहिल्यांदा भीती वाटते की बुडणार आपण. मग अचानक दुसऱ्या नाकपुडीतून धार सुरू होते आणि आश्चर्यच वाटतं. मीठ का तर साधं पाणी नाकात चुरचुरतं, आपल्या अंगातल्या पाण्याइतकं खारट असलं की चुरचुरत नाही. नंतर वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळूहळू फुंकून सगळं पाणी काढायचं, एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरायचं नाही, पाणी कानात जातं. डोंबिवलीची धूळ इतकी वर्षं नाकात घेऊन फिरतोय आपण हे त्या दिवशी लक्षात आलं. घरी करणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं अजिबात नको, त्यात एक जंतू असू शकतो जो नाकातून मेंदूपर्यंत पोचतो, क्वचितच होतं पण जिवावर बेतू शकतं.

आता आसनं. मला वाटलेलं घाम निघेल, दुसऱ्या दिवशी अंग मोडेल. पण इथे इतकं हळू की पहिल्या दिवशी चक्क कंटाळा आला. पवनमुक्तासन, भुजंगासन, वक्रासन, आणि प्रत्येकाच्या मध्ये मकरासनात पालथं पडून राहायचं. सर एकच वाक्य परत परत म्हणायचे, "चेहऱ्याकडे लक्ष द्या, चेहरा आसन करतोय का?" आणि खरंच माझा चेहरा आसन करत होता! भुजंगासनात पाठ जेमतेम वीतभर उचललेली पण दात घट्ट आवळलेले, कपाळाला आठ्या. मग लक्षात यायला लागलं की मी एरवीही दात आवळूनच बसते, कीबोर्डवर, लोकलमध्ये, भाजी चिरताना पण.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ब्रह्ममुद्रेचा. मांडी घालून ताठ बसायचं, मान उजवीकडे वळवायची, अगदी सावकाश, हनुवटी खांद्याच्या रेषेत येईपर्यंत, तिथे थोडं थांबायचं, परत मधे. मग डावीकडे. मग मागे, मग पुढे हनुवटी छातीकडे. बस एवढंच. गोल गोल फिरवायची नाही, झटका नाही. मला पहिल्या दिवशी डावीकडे वळवताना मध्येच एक जागा यायची जिथे मान अडायची आणि खांदा आपोआप वर यायचा, मॅडम मागे येऊन खांद्यावर नुसती दोन बोटं ठेवायच्या, दाबायच्या नाहीत, फक्त ठेवायच्या, की खांदा आपला आपण खाली. आठवड्याच्या शेवटी ती जागा गेली असं नाही, पण पुढे सरकली. गाडी रिव्हर्स घेताना मला पूर्ण अंग वळवावं लागायचं, आता नुसत्या मानेवर भागतं.

प्राणायामाचं सांगायचं तर अनुलोम-विलोम मी आधीही करायचे, म्हणजे करते असं समजायचे. इथे मोजून करायला लावलं, आत घेताना चार, सोडताना आठ, मध्ये थांबणं नाही. चार आणि आठ बारा, सेकंदात धरलं तर मिनिटाला पाचच श्वास झाले. एरवी माणूस स्वस्थ बसला असताना बारा ते वीस घेतो. सुरुवातीला सहाच्या पुढे मोजेपर्यंत माझी हवा संपायची आणि मग घाईने ओढला जायचा, तेव्हा सांगितलं की मग तीन-सहा करा, ओढून ताणून करायचं नाही, पुढचा श्वास घाईने घ्यावा लागला म्हणजे आकडा मोठा होतोय. यामागचं कारण तिथेच समजावलं, श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ होतात, हे वेगस नावाच्या नसेमार्फत चालतं, त्यामुळे सोडणं लांबवलं की हृदयाला संथ चालायला जास्त वेळ मिळतो. मनगटावर बोट ठेवून बघा, मी रात्री अंथरुणात पडून बघितलं, खरंच कळतं, सोडताना दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे हृदय घेऊन फिरतोय आणि ही साधी गोष्ट कधी बघितली नव्हती.

ध्यान मात्र... काय सांगू. माझ्या खोलीत कोल्हापूरच्या एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, मी त्यांना काकू म्हणायचे. पहिल्या ध्यानानंतर मी त्यांना विचारलं कसं वाटलं, तर म्हणाल्या, "डोळं मिटलं की मला तांबडा-पांढराच दिसतोय बघा, आता काय करायचं सांगा." मला जीएसटीच्या २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या तक्त्यामधला एक न जुळणारा आकडा दिसत होता, त्यांच्यापेक्षा माझी अवस्था वाईट. आधी सगळ्यांनी मिळून ओंकार, मग शांत बसून नाकाशी श्वास येतो-जातो तिकडे लक्ष. दोन श्वास होतात आणि मन पळालं, परत आणा, परत पळालं. मी सरांना म्हटलं मला जमत नाहीये, तर म्हणाले, "पळालं हे तुम्हाला कळलं ना? मग जमतंय." हे उत्तर तेव्हा मला पळवाट वाटलं होतं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी एक गंमत झाली, तो आकडा आला आणि पहिल्यांदाच त्याच्या मागोमाग पोटात गोळा आला नाही. आकडा आला, गेला. इतकंच. आणि हे जे इतकंच आहे ना, ते मला रात्री तीन वाजता फार कामाला येतं.

त्राटक पण झालं, अंधाऱ्या खोलीत ज्योतीकडे पापणी न हलवता बघायचं, डोळ्यातून पाणी यायला लागलं की मिटायचे. काकूंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून केलं नाही. आणि योगनिद्रेत, म्हणजे आडवं पडून सूचना ऐकत अंग सैल सोडायचं त्यात, मी घोरले. मी नाकारलं, काकूंनी साक्ष दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की घरी परत जावं वाटलं. मी स्वतःहूनच चहा पूर्ण बंद केला होता, दिवसाचे सहा-सात कप एकदम शून्यावर, त्याचं हे. कॅफीन तोडलं की साधारण दुसऱ्या दिवशी डोकेदुखी जोरात असते आणि मग उतरते. तेव्हा जाणार असाल तर आठवडाभर आधीपासून चहा कमी करत न्या, फार छोटी गोष्ट आहे पण कुणी सांगत नाही आणि लोक समजतात की ध्यानाने डोकं दुखलं, किंवा त्याहून भारी, शरीरातली विषं बाहेर पडतायत. विषंबिषं काही नाही, चहा हवाय फक्त.

झोपेबद्दल. तिसऱ्या रात्रीपासून मी सलग झोपले, मध्ये एकदा पाणी प्यायला उठले असेन. बरेच दिवसांनी असं झालं म्हणून मी खूश, याचं श्रेय मी आधी ध्यानाला दिलं, मग नीट हिशोब केला, सवयच ती आमची. रात्रीचं जेवण सातला, तेही ज्वारीची भाकरी, भाजी, मऊ खिचडी असलं हलकं, मग शतपावली, मोबाईल कपाटात, नऊ-साडेनऊला दिवा बंद, पहाटे ठरलेल्या वेळी उठणं, दिवसभर उन्हात आणि झाडांत फिरणं, चहा शून्य, आणि घरातल्या कुणाचीही जबाबदारी नाही. यातलं काय लागू पडलं हे वेगळं काढणं अवघड आहे. माझं मत असं की अर्धं काम या दिनक्रमाने केलं आणि उरलेलं त्या लांब श्वासाने. ॲसिडिटी तर सरळसरळ सातच्या जेवणाने गेली, त्यात अध्यात्म शोधायची गरज नाही.

संध्याकाळी मोकळा वेळ असायचा तेव्हा संस्थेचा इतिहास वाचला आणि मला तो क्लासइतकाच आवडला. स्थापना करणारे स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, आपल्या खानदेशात अमळनेरला शिकवायचे, बडोद्याला माणिकरावांकडे व्यायाम शिकलेले, आणि योगाचे गुरू माधवदासजी महाराज. या माणसाला एकच ध्यास, की योगाने होतं म्हणता ना, मग मोजून दाखवा. शंभर वर्षांपूर्वी नौली आणि उड्डियान या पोट आत ओढून घुसळायच्या क्रिया करताना पोटात दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, एक्सरे काढून बघितलं, आणि १९२४ मध्येच योगमीमांसा नावाचं नियतकालिक काढून त्यात हे छापायला सुरुवात केली. १९२७ साली गांधीजींचं ब्लडप्रेशर वाढलं होतं तेव्हा त्यांचा कुवलयानंदांशी आसनांबद्दल पत्रव्यवहार झाला होता, हे वाचून तर मला बीपीच्या पेशंट लोकांत एकदम बरी सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांच्या त्या मोजण्याच्या नादाने मग मी पण घरी येऊन थोडं वाचलं. इटलीतल्या संशोधकांचा २००१ चा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे, त्यात ख्रिस्ती जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र दोन्ही म्हणायला लावले, तर दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगला प्रतिसाद देते असं दिसलं. म्हणजे आजी माळ ओढायची ती काय उगाच नाही. दुसरीकडे २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, साडेतीन हजारांवर माणसं, त्यात चिंता, उदासी आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस आहे असं काही सापडलं नाही. मला हे वाचून उलट बरं वाटलं. थोडा ते मध्यम, माझं पण तेवढंच झालं. जे लोक सांगतात की शुगर गेली, थायरॉईड गेला, गोळ्या सुटल्या, त्यांच्यापासून जरा लांबच राहा. माझं बीपी तिथे असताना खाली आलं होतं, तरी तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळी चालू ठेवा आणि घरी गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर ते परत थोडं वर गेलंच. गोळी तीच आहे, डोस वाढवायचं बोलणं चाललं होतं ते तूर्त थांबलंय.

आणखी एक, ज्यांना आधीपासून डिप्रेशनचा किंवा पॅनिकचा जोरदार त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तासन् तास डोळे मिटून बसायला जाऊ नये, काही जणांना त्याने त्रास वाढतो. आमच्या बॅचमधली एक मुलगी ध्यानात रडायला लागली, तिला कुणी 'होऊ दे मोकळी' असं म्हणत बसवून ठेवलं नाही, उठवून बाहेर फिरायला नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती फक्त आसनं आणि प्राणायाम करत होती. मजेत होती.

आता घरी काय उरलंय ते सांगते. सकाळी तासभर वगैरे नाही होत, पहिला महिना झालं, मग मुलाची परीक्षा, मग मार्चएंड, संपलं. ब्रह्ममुद्रा ऑफिसच्या खुर्चीत दिवसातून दोनदा होते, शेजारच्या टेबलवालीने पण सुरू केलीय. चार-आठचा श्वास लोकलमध्ये करते, ठाणे ते दादर, बसायला मिळालं तर, नाक न धरता नुसता मोजून. जेवण आठला, सात काही शक्य नाही. चहा दोन कप. जलनेती सर्दी वाटली तरच. ध्यान म्हणाल तर रात्री तीनला जाग आली तर तेच माझं ध्यान, जाग येते अजून, पण आठवड्यातून एखाददा, आणि परत झोप लागते.

खर्चाचं, खोली कुठली घेता त्यावर बराच फरक पडतो, एसी कॉटेज आणि साधी दोघींची खोली यात खूप अंतर आहे, मी साधी घेतली आणि काकू मिळाल्या त्यामुळे फायद्यातच राहिले. पैसे हीच अडचण असेल तर मुंबईत सांताक्रूझला योग इन्स्टिट्यूट आहे, १९१८ ची, तिथे राहायची गरज नाही, क्लास करून घरी येता येतं. इगतपुरीच्या विपश्यनेबद्दल पण विचारतात, तिथे दहा दिवसांची फी नसते, शेवटी इच्छेने दान, पण ते प्रकरण वेगळं आहे, पूर्ण मौन, दिवसाचे दहा-एक तास बसणं, आणि त्या दिवसांत योगासनं करायला परवानगी नसते. ज्यांची माझ्यासारखी मान-पाठ धरलेली आहे त्यांनी आधी शरीर जरा मोकळं करून मग तिकडे जावं असं माझं मत.

कुठेही बुक करण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचाराच, आल्यावर डॉक्टर तपासतात का, आणि एका बॅचला किती माणसं असतात. पहिल्याला नाही म्हणाले तर फोन ठेवून द्या. स्वेटर न्या, डिसेंबरात पहाटे लोणावळा चांगलाच गारठतो, आणि ढगळ सुती कपडे, महागडे योगा पँट घ्यायची काही गरज नाही, काकू आठवडाभर पंजाबी ड्रेसवर होत्या आणि त्यांचं पश्चिमोत्तानासन आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं.